सराफ्याच्या नालीतली खाण

जबलपूरच्या सराफ्यातला एकेक सोनार शरयू उंबरकरला त्याच्या तोंडावरून नाही, केरावरून ओळखू यायचा. कानस जास्त चालवणारा कोण, दागिना सांधायला डाग देताना घाई करणारा कोण, हात न धुताच जेवायला बसणारा कोण, हे तिला सांगावं लागत नसे. सकाळी शटरं उघडायच्या आत ती रांझीहून ऑटोने यायची. साडीचा काष्टा, हातात खराटा, बादली आणि काठ झिजलेली एक लोखंडी परात. दुकानांच्या पायऱ्यांखालून वाहणाऱ्या नालीच्या तळाचा गाळ ती खरवडून काढी, दुकानादुकानातला केर गोळा करी आणि गल्लीच्या टोकाच्या नळावर बसून धूत बसे. माती हलकी, ती वाहून जाते. सोनं जड, ते परातीच्या काठाला चिकटून राहतं. मनगट कुठे थांबवायचं तेवढं कळलं पाहिजे.

या कामाला आपल्यात झारेकऱ्याचं काम म्हणतात. जबलपूरवाले न्यारिया म्हणतात. शरयूच्या नवऱ्याचे आजोबा अचलपुराहून हेच काम घेऊन इथे आले आणि सराफ्याचा केर तेव्हापासून उंबरकरांचा. पण शरयूचा नवरा मुरलीधर तोफांच्या कारखान्यात चिकटला आणि त्याने नालीला कायमचा रामराम केला. तेव्हा सासूबाईंनी, राधाबाईंनी, परात सुनेच्या हातात दिली. मुरलीधर कॉलनीत सांगायचा, ‘मिसेस सराफा लाइनमध्ये आहेत.’ पुढचं कुणी विचारलं तर त्याला एकदम काहीतरी काम आठवे. बायको सकाळी ओला काष्टा आणि बादली घेऊन परत येई, तेव्हा तो मागचं दार उघडून ठेवी. पुढच्या दाराने तिने यावं असं तो कधी म्हणाला नाही आणि तिनेही कधी तसा हट्ट धरला नाही.

धुतलेला गाळ घरच्या भट्टीत जाळून सोनं-चांदी काढून झाल्यावर उरते ती काळी राख. राधाबाई ती अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी टाकायच्या. सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या श्रीपाद नावाच्या एजंटाने शरयूला सांगितलं की आपल्या हाताला जे लागत नाही, ते परदेशातल्या भट्ट्यांना लागतं, आणि बेल्जियममधली एक कंपनी अशी राख विकत घेते. तेव्हापासून दर वर्षी एक निळा ड्रम जबलपूरहून मुंबईला आणि तिथून बोटीने बेल्जियमला जाऊ लागला. सोबतच्या कागदावर ‘मौल्यवान कचरा’ असं लिहिलेलं असे. मुरलीधरला ते दोन शब्द शेजारीशेजारी बघवत नसत.

यंदा मात्र ड्रमच्या मागोमाग एक फॉर्म आला. सोनं कुठे जन्मलं ते कंपनीला आता कळायला हवं होतं. चौऱ्याऐंशी प्रश्न, सगळे इंग्रजीत. शरयूची मुलगी नेहा एका दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर कामाला होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन बसली आणि शरयू समोर भाजी निवडत बसली.

“आई, पहला सवाल. खदान का नाम क्या है?”

“कशाची खदान?”

“जहाँ से सोना निकलता है.”

शरयूच्या हातातली मेथी थांबली. तिचे वडील परतवाड्याला शाळामास्तर होते आणि कागदावर खोटं लिहिणाऱ्याचा हात झडतो असं त्यांनी तिला लहानपणी सांगितलं होतं. तोंडी ती थोडंफार इकडेतिकडे करी, पण कागद म्हटला की तिला वडील दिसत.

“नालीतून निघते ना. सराफा नाली लिही.”

नेहाने लिहिलं. “गहराई?”

“दीड फूट. पावसाळ्यात दोन.”

“मज़दूर कितने?”

“मीच एकटी.”

“आख़िरी हादसा कब हुआ?”

“मागच्या दिवाळीत भय्यासाहेबांचा चष्मा पडला होता. सापडला मग.” भय्यासाहेब डबीर म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने सोनार. त्यांच्या दुकानाची पायरी बरोबर नालीवर होती.

असं एकेक करत नेहा एकेचाळिसाव्या प्रश्नाशी आली आणि थांबली. “खदान के दस किलोमीटर के अंदर कोई हथियारबंद गिरोह है क्या?”

“हथियारबंद म्हणजे बंदुकीवाले?”

“हाँ.”

“आहेत की. सदरात आख्खी छावणी बसली आहे.”

“आई, वो फ़ौज है.”

“मग त्यायच्याजवळ बंदुका नाहीत काय?”

“हैं, पर...”

“तर मग लिही ना. काहून लपवून राहिली?”

नेहाने आईकडे पाहिलं, मग लिहिलं. पुढचा प्रश्न त्या गिरोहाच्या संख्येचा होता. शरयू म्हणाली, मी मोजले नाहीत बाप्पा, हजारांनी लिही. त्यापुढचा जड हत्यारांचा होता. आतल्या खोलीत निवृत्त मुरलीधर आडवा पडला होता, तो तिथूनच म्हणाला, “तोफा लिही. आमीच बनवत होतो. आकडा नको लिहू पण, तो सिक्रेट असते.”

“क्या यह गिरोह आपसे पैसे वसूल करता है?”

शरयू नाही म्हणणार होती. पण तोंड उघडता उघडता तिला डिसेंबर आठवला. “दर साली झेंडा दिवसाला फौजीच डबा घेऊन येतात. त्यात टाकतोच आपण. स्टिकर देतात.”

नेहाने टाइप केलं: वर्षातून एकदा, स्वेच्छेने, मोबदल्यात स्टिकर.

तीन आठवड्यांनी श्रीपादचा फोन आला. त्याचा आवाज बसला होता. “काकू, तुम्ही काय लिहून दिलंय? जबलपूर युद्धग्रस्त भागात धरलंय त्यांनी. तुमचा ड्रम तिकडच्या बंदरावर वेगळ्या शेडमध्ये ठेवलाय, भोवती पिवळी पट्टी लावून. तुम्ही सशस्त्र टोळीला पैसे पुरवता म्हणे.”

“यात खोटं काय लिहिलं मी?”

श्रीपादने तो फॉर्म फोनवरच वरपासून खालपर्यंत वाचला. खोटं त्याला काही सापडलं नाही. शेवटी तो म्हणाला की कंपनीचा तपासनीस येणार आहे, आणि तो येण्याआधी खाणीला कुंपण, पाटी, हेल्मेट, तक्रारपेटी, आणि बाधित लोकांची सभा, एवढं झालं पाहिजे.

शरयूने त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर बसून विचार केला. सहा वर्षांत ड्रम अडला नव्हता. आणि सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही अशी नव्हती की जी करता येणार नाही. तिने कपडे वाळवायची नायलॉनची दोरी आणली आणि नालीच्या दोन्ही अंगांनी बांधली. पाटीसाठी पेंटर शोधायला निघाली, तर मुरलीधर म्हणाला, “पेंटर कशाले? माझं अक्षर पाय.” तीस वर्षं फॅक्टरीत त्याने ‘सावधान’ आणि ‘ख़तरा’ रंगवलं होतं. त्याने पत्रा घासला, दोन हात पांढरा दिला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं:

स्वर्ण खदान क्षेत्र. बिना हेलमेट प्रवेश निषेध. आपात स्थिति में चौक के फव्वारे की ओर जाएँ.

पाटी लावायला तो स्वतः आला. सराफ्याच्या गल्लीत तो लग्नानंतर पहिल्यांदाच येत होता. खिळे ठोकून झाल्यावर तो दहा पावलं मागे गेला, पाटी निरखली, आणि मग पहिल्यांदाच वाकून नालीत बघितलं. “पाणी लय काळं आहे,” तो म्हणाला. शरयू म्हणाली, “सोनारांचं आहे.”

पाटीचा परिणाम चौथ्या दिवशी दिसला. पनागरहून भाजीचा एक टेम्पो आला, त्यात भाजीच्या जागी अकरा माणसं आणि सात चाळण्या होत्या. कुंडमहून दोन म्हातारे आले आणि गड्याचं काम मिळेल का म्हणून सावलीत बसून राहिले. ही नालीच आहे, सोनं थोडंसंच निघतं, असं शरयूने सगळ्यांना सांगितलं. त्यावर ते एकमेकांकडे बघून हसले. ज्याच्याकडे खरंच सोनं असतं तो असंच बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं.

भय्यासाहेबांची अडचण वेगळीच झाली. त्यांच्या पायरीवर जायला दोरी ओलांडावी लागे आणि पाटीप्रमाणे दोरीच्या आत हेल्मेट सक्तीचं होतं. शरयूला त्यातून पळवाट काढता येईना. कागदावर तसं लिहून गेलं होतं. तेव्हा मुरलीधरने फॅक्टरीतली पिवळी हेल्मेटं दोन जुन्या मित्रांकडून मागून आणली आणि दुकानाबाहेर खिळ्याला टांगली. लग्नाचं मंगळसूत्र बघायला आलेली नवरीची आई डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आत जाई, आरशासमोर गळ्यात मंगळसूत्र धरी, आणि हेल्मेट तसंच ठेवून भाव करी. पहिले दोन दिवस भय्यासाहेब चिडले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक आत शिरलं की लवकर बाहेर पडत नाही, कारण बाहेर पडलं की हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर जातं आणि परत आत यायला रांग लागते. मग ते गप्प बसले.

बाधितांची सभाही त्यांच्याच दुकानात झाली. दुसरं बाधित कुणी मिळेना.

“खाणीमुळे तुमचं विस्थापन झालं काय?” शरयूने कागदावरचा प्रश्न वाचला.

“माझं स्टूल सरकलं दोन हात. दोरी लावायले.”

“मग तसं लिहू?”

“लिही. आन् लिही की भय्यासाहेब राजी आहेत. भांडण नको बाई बेल्जियमशी.”

रात्री नेहाने लिहिलं: विस्थापित कुटुंबे एक, अंतर दोन हात, संमती आहे.

सगळ्यात जास्त काम तक्रारपेटीने लावलं. बिस्किटाच्या डब्याला चीर पाडून केलेली ती पेटी आठवड्यात भरली. एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. रस्त्यावरचा दिवा बंद आहे. कुत्री भुंकतात. मुलगा दहावीला दुसऱ्यांदा बसला आहे, मार्गदर्शन व्हावं. शेजारच्या गल्लीचं निवेदन होतं, तेवीस सह्यांचं, की खाण आमच्या बाजूलाही वाढवावी, आमच्यावर अन्याय का. आणि नियम असा होता की प्रत्येक तक्रारीला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. शरयू दुपारी जेवण झालं की वही घेऊन बसे. दिव्याबद्दल तिने लिहिलं की हे खाणीच्या हातात नाही, पण मी सांगून बघते. दहावीच्या मुलाला लिहिलं की गणित रोज एक तास कर. शेजारच्या गल्लीला काय लिहावं ते तिला दोन दिवस सुचेना. शेवटी लिहिलं की तुमच्या गल्लीत कापडाची दुकानं आहेत.

मग तपासनीस आला. शरयूला वाटलं होतं कुणी गोरा माणूस येईल, पण उतरला तो पुण्याचा अनिमेष, तिशीतला, पाठीवर मोठी पिशवी, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. त्याने हेल्मेट घातलं, छातीवर पट्टा बांधला, कपाळावर दिवा लावला आणि विचारलं, “मॅडम, खाणीत उतरायचं कुठून?”

“हे काय, पायाशीच आहे.”

अनिमेषने खाली पाहिलं. नालीतून भय्यासाहेबांच्या चहाची पत्ती वाहत गेली.  मग त्याने पिशवीतून मोजपट्टी काढली, एक पाय आत टाकला, खोली मोजली आणि वहीत लिहिली. दीड फूट.

“हवा खेळती आहे ना आत?” त्याने विचारलं. त्याच्या यादीत ते होतं.

“आत असं काही नाही साहेब. वरून उघडंच आहे.”

“उघडी खाण,” असं म्हणत त्याने खूण केली.

तो वाईट माणूस नव्हता. त्याला दिलेल्या यादीतल्या प्रत्येक चौकटीत खूण करायची होती आणि शरयूला कागदावर खरंच सांगायचं होतं. दोघांचं पटकन जमलं. दुपारपर्यंत ते सशस्त्र टोळीशी येऊन ठेपले. टोळीच्या प्रतिनिधीशी बोलल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नव्हता. शरयूला सदरातले सुभेदार गयाप्रसाद ठाऊक होते. निवृत्त झाल्यावर ते माजी सैनिकांच्या संघात होते आणि डिसेंबरात डबा घेऊन तेच यायचे. दोघं ऑटोने सदरला गेले.

सुभेदार साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, आणि अनिमेषचे प्रश्न ताठ बसून ऐकले.

“आपका गिरोह...” अनिमेष अडखळला. “मतलब, आपका संगठन खदान पर कब्ज़ा करना चाहता है क्या?”

“कौन सी खदान?”

“सराफ़े की नाली.”

सुभेदारांनी शरयूकडे पाहिलं. शरयूने मान डोलावली, की असं आहे खरं.

“नहीं,” ते म्हणाले. “फ़िलहाल ऐसा कोई इरादा नहीं है.”

“और इनसे जो पैसा लेते हैं?”

“वो शहीदों की विधवाओं के लिए है.” सुभेदारांचा आवाज थोडा बदलला. अनिमेषने पेन खाली ठेवलं आणि हेल्मेट काढलं. ते त्याच्या डोक्यावर अजून होतं हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. चहा संपला. मग सुभेदारांनी लेटरहेडवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं की आमच्या सशस्त्र दलाने श्रीमती शरयू उंबरकर यांच्या खाणीतून आजवर सोनं घेतलेलं नाही, पुढेही घेणार नाही, आणि झेंड्याचा निधी त्या आपखुशीने देतात. खाली शिक्का मारला. दारापर्यंत सोडायला आले आणि शरयूला म्हणाले, “बहनजी, कोई परेशान करे तो बताइएगा.” अनिमेषने तेही लिहून घेतलं आणि नंतर खोडलं.

महिन्याभराने अहवाल आला. सराफा नाली खाण सर्व बाबतींत पास झाली होती. अपघात शून्य, विस्थापितांशी संबंध सलोख्याचे, तक्रारींना उत्तरं शंभर टक्के. छोट्या खाणींत आजवर पाहिलेली सर्वांत शिस्तीची खाण, असं अनिमेषने शेवटी लिहिलं होतं. मुरलीधरने त्याच्या चार झेरॉक्स काढल्या आणि कॉलनीत एकेकाला दाखवल्या. आता तो ‘सराफा लाइन’ म्हणत नव्हता. ‘मिसेस खाण चालवतात,’ म्हणायचा. शरयू परत यायच्या वेळी तो पुढचं दार उघडून फाटकाशी उभा राहू लागला.

आणि त्याच आठवड्यात श्रीपादचा पुन्हा फोन आला.

“काकू, ड्रम नाकारला.”

“काहून? पास झाली ना खाण?”

“म्हणूनच. ती कंपनी फक्त कचऱ्यातलं सोनं घेते. खाणीतलं घेतच नाही. त्यांचं तसं तत्त्व आहे. खाणी तपासणारं खातं वेगळं.” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “फॉर्म दोन होते, काकू. एक खाणवाल्यांचा, एक कचरावाल्यांचा. मी तुम्हाला पहिला पाठवला. चुकून.”

शरयूला राग यायला हवा होता. तिला आला तो थकवा. एकतीस चिठ्ठ्यांना दिलेली उत्तरं तिच्या डोळ्यांपुढून गेली. “मग आता लिहून देते की खाण नाही म्हणून. तसंही नाहीच आहे.”

“तसं नाही चालत. त्यांच्याच माणसाने खाण बघितली, मोजली. असलेली खाण नव्हती कशी म्हणणार? बंद करता येईल फार तर.”

खाण बंद करायचा फॉर्म नऊ पानांचा होता. जमीन पूर्ववत करा, झाडं लावा, कामगारांचं पुनर्वसन करा. नालीत झाड कुठे लावणार? भय्यासाहेबांनी पायरीवर तीन कुंड्या ठेवू दिल्या, तुळशीच्या. कामगार एकच होती. तिच्या पुनर्वसनापुढे नेहाने विचारून लिहिलं: त्याच जागी, कचरा गोळा करण्याच्या कामावर. पनागरचा टेम्पो पुन्हा एकदा येऊन दोरी सुटताना पाहून गेला. सोनं संपलं, असं त्यांनी आपसांत ठरवलं. कुंडमच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने जाताना सांगितलं की त्याला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं.

बंद झाल्याची खात्री करायला अनिमेषच आला. या वेळी साध्या चपला घालून. त्याच जागी उभा राहिला, त्याच नालीत पाहिलं, पाणी तसंच वाहत होतं.

“काकू,” तो म्हणाला, “खाण आता नाही, असं मी लिहितो.”

“लिहा. खरं आहे ते.”

“मागच्या वेळी आहे असं लिहिलं होतं.”

“तेव्हा तुमी विचारलं, मी सांगितलं. खोटं नव्हतं बेटा तेही.”

त्याने सही केली, पण गेला नाही. नळाशी तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि परात मागितली. तिने मूठभर गाळ घातला, त्याचं मनगट धरून फिरवून दाखवलं. दोनदा त्याने सगळंच सांडलं. तिसऱ्यांदा काठाला एक पिवळा ठिपका उरला, मोहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. अनिमेष त्या ठिपक्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. शरयूने तो बोटावर उचलला आणि डबीत टाकला. द्यावा असं तिला क्षणभर वाटलं होतं, पण तिला तो कोणत्या दुकानातला ते ठाऊक होतं, आणि तपासनिसाने काही घेऊ नये असंही त्याच्या यादीत असणार.

कचरावाल्यांचा खरा फॉर्म अर्ध्या पानाचा होता. माल कुठून आला: सोनारांचा केर. ड्रम आठ दिवसांत शेडमधून सुटला.

मुरलीधरने मात्र खाणीचं जाणं मनाला लावून घेतलं. खाण बंद झाल्याचं कॉलनीत कळलं तसे लोक संध्याकाळी भेटायला येऊ लागले. तो पांढरा सदरा घालून पुढच्या खोलीत बसे. कारखान्यातले जुने सोबती शेजारी बसत, मान हलवत.

“कैसे हुआ, उंबरकर जी?”

“नियम बदलले. बेल्जियमवाल्यायनी बंद केली.”

“बड़ा नुक़सान.”

“आता काय. इतकी शिस्तीत चालून राहिली होती.”

एका सकाळी तिघं जण बसलेले असताना शरयू सराफ्यातून परतली. काष्टा गुडघ्यापर्यंत ओला, हातात बादली, बादलीत ओला काळा गाळ. सवयीने ती मागच्या दाराकडे वळली होती, पण ते आतून बंद होतं. अलीकडे ते कुणी उघडून ठेवत नसे. ती पुढून आली. तिघंही उठून उभे राहिले. त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने हात जोडले.

“भाभीजी, सुनकर बहुत दुख हुआ. अब आप क्या करेंगी?”

शरयूने बादली खाली ठेवली, मुरलीधरकडे पाहिलं. तो बादलीकडे बघत होता. मग तो उठला, बादली उचलली आणि पाहुण्यांच्या मधून आतल्या मोरीकडे घेऊन गेला.

“चाय बनाती हूँ,” शरयू म्हणाली. “आप लोग बैठिए.”